पहिला पेला

वाशी,
१८ नोव्हेंबर १९७९

तीर्थरूप अण्णांना,
मुक्ताचा सविनय जयभीम. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा कसा आहे? वामनला सांगा, परीक्षा होईस्तोवर सिनेमे बंद.

मागच्या पत्रात मी नुसतं रडगाणं गायले. एक खोली, चहूकडे चिखल, डास तर मेले इतके की चहातसुद्धा पडतात. ‘पुढच्या रविवारी न्यायला या, मी औरंगाबादेतच राहीन,’ असंही लिहिलं. खोटं काही लिहिलं नव्हतं. चिखल अजून आहे.

पण मध्ये आत्याबाई आल्या, ह्यांच्या आई. गाव सोडून पहिल्यांदाच. आल्या त्या थेट मोरीतल्या नळापाशी. सोडायचा, बंद करायचा, परत सोडायचा. शेजारच्या गोजराला हाताला धरून आणलं, “बग, आमच्या घरातच हाय!” तिच्याही मोरीत तसलाच नळ! ती बिचारी म्हणाली, “बरा हाय गो, मावशे.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवारी सकाळी ह्यांची पहिली पाळी, मला घाई, आणि आत्याबाई धारेखाली हात धरून उभ्या. पाणी चाललंय वाया. मी ओरडले, “हात लावू नका त्या नळाला!”

त्यांनी हात मागे घेतला.

नंतर न्याहारीला भाकरी दिली. खाऊन उठल्या, नळापासून दोन हात लांब उकिडव्या बसल्या आणि ओंजळ तोंडाशी धरून थांबल्या. मी म्हटलं, “अहो, घ्या ना पाणी.”

“तू वाढ माय. वरून वाढ.”

रागानं नाही हो, अगदी सवयीनं म्हणाल्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गावच्या विहिरीशी त्या जन्मभर अशाच बसल्या, कुणी येऊन वरून ओतेपर्यंत. हात लावू नका, हेच ऐकत. आणि आज ते मी म्हटलं, त्यांच्या सुनेनं! अण्णा, मी पाय धरून रडले. मग त्यांचा हात धरून नळावर ठेवला. त्यांनी नळ सोडला.

काय सांगू, पाणी आलं! रोजच येतं, सकाळी सहाला, बादलीत धडधडत. दीड वर्ष मी ऐकतेय, पण मला आपले डासच ऐकू यायचे. आता आम्ही दोघी सहाला मोरीशी हजर असतो. पहिला पेला त्या भरतात आणि मला देतात. रोज अंगावर काटा येतो. आपल्या घरात, आपल्या हातानं पाणी! एवढं मोठं काही माझ्याकडे आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

अण्णा, घरी नळ असून तुम्ही अजून ओंजळीनंच पाणी पिता. आम्ही भावंडं तुमची नक्कल करून हसायचो. तुम्हीही हसायचात. ही सवय कुठली, ते कधी बोलला नाहीत.

रविवारी या. न्यायला नको, नुसते या. नळ तुम्ही सोडायचा. त्या दिवशी पहिला पेला तुमचा.

वाशीलाच राहणारी,
तुमची मुक्ता