वेणी, पिवळी बॅग, बोलत नाही

३ मार्च
निदान झालं. वय अठ्ठावन्न. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्यांचे वीस फोटो दाखवले. एकोणीस ओळखता आले नाहीत. विसाव्याला म्हटलं, ही बाई जरा आगाऊ दिसते. ती मीच होते. चेहरे लक्षात ठेवणारा भाग जन्मापासून चालत नाही म्हणे. औषध नाही.
खचलेली नाही. शाळेत सगळ्यांना दोन वेण्या आणि निळी रिबीन. मी मुलींना बाकावरून ओळखायचे. बाक बदलला की मैत्रीण गेली. सिस्टर मला घमेंडखोर म्हणायच्या. तेव्हाही निभावलंच.

४ मार्च
ह्यांना सांगितलं. म्हणाले, अगं, मग माझ्या लेकीला आजच्या आज सांग.
लेक ह्यांच्या पहिल्या संसारातली. सहा वर्षांपूर्वी, आमच्या लग्नाच्या नोंदणीच्या दिवशी, मी तिला ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये मायेनं विचारलं होतं, तू कोणाकडची गं? एकाच दिवसात तीनदा. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. फार तर हो-नाही, तेही वडिलांकडे बघून.
अठ्ठावीसला नोकरीसाठी दुसऱ्या गावी चालली आहे. आत्ता सांगितलं तर सबब वाटेल. आधी आठ-दहा वेळा नीट ओळखून दाखवते, मग हसत-हसत सांगू. ह्यांना शपथ घातली आहे, मध्ये तोंड घालायचं नाही.

६ मार्च
खुणांची वही सुरू. सुवाच्य अक्षर, लाल समास.
माझा मुलगा: उजव्या भुवईवर व्रण. शिवाय दारातूनच ओरडतो, आई, मी आलो गं, तुझा एकुलता एक. मला इतकी वर्षं वाटायचं, प्रेमानं. आज विचारलं. म्हणाला, पाच वर्षांचा होतो, तू शाळेच्या फाटकातून दुसऱ्याच पोराला घेऊन निघालीस. तेव्हापासून रिस्क घेत नाही. हेही म्हणाला, ताईला सांगून टाक. तरुणांना घाई फार.
लेक: कमरेपर्यंत वेणी. पिवळी बॅग. माझ्याशी बोलत नाही. तिसरी खूण सगळ्यात भरवशाची.

१३ मार्च
जिन्यात तीनदा ओळखलं. चौथ्यांदा जिची पाठ थोपटली ती खालच्या मजल्यावरची. पिवळ्या बॅगांचा सेल लागला असावा. धरत नाही.

२१ मार्च
ह्यांनी विचारलं, सांगितलंस? म्हटलं, रविवारी.

२२ मार्च, रविवार
पाहुणे आले. कोण ते कळलं नाही, पण वेळ गेला.

२६ मार्च
मुद्दे काढले. एकूण नऊ. ती परवा निघणार. उद्या लायब्ररीतली ड्यूटी संपवून आले की सांगते. नक्की.

२७ मार्च, दुपारी एक
काउंटरला आज रांग. त्यात एक मुलगी, केस मानेपर्यंत, पाठीवर राखाडी सॅक, हातात पुस्तक नाही. हळूच म्हणाली, मावशी, पाच मिनिटं आहेत का? खाली चहा घेऊ या. नवीन वाचक किती लाघवी असतात. मी म्हटलं, बाळ, सभासद व्हायचंय का? फॉर्म डावीकडच्या खिडकीत. तिनं खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बरं म्हणाली आणि गेली.
काय गोड आवाज. चक्क मावशी म्हणाली. आमच्या लेकीची सहा वर्षांत मला कसलीच हाक नाही. चांगल्या आईचे संस्कार लगेच दिसतात.

संध्याकाळी साडेपाच
लेकीची खोली आवरलेली. खुंटीला पिवळी बॅग.
हे म्हणाले, ऑफिसनं एक दिवस आधी बोलावलं, चारच्या गाडीनं गेली. सकाळी केस कापून आली. नवीन नोकरी, नवीन सुरुवात म्हणाली. जाताना तुझ्याशी बोलून जा म्हटलं, तर म्हणाली, हो बाबा, मलाही तेच वाटतं. लायब्ररीत गेली. परत आली. एवढंच म्हणाली, त्या मला अजून ओळख देत नाहीत.
मी विचारलं, मग तुम्ही सांगितलं नाहीत? म्हणाले, शपथ कोणी घातली होती?

सहा वाजता
फोन उचलत नाही. उचलला की सगळं सांगेन. मुद्दे तयार आहेत.
तोवर वही दुरुस्त केली. वेणी खोडली. पिवळी बॅग खोडली. तिसरी खूण खोडून तिथे लिहिलं: बोलली होती.