दोन डाव्या बाह्या

प्रिय दादा,

दुकान विकून बाबांना तुझ्याकडे नेण्याबद्दलचं तुझं पत्र आणि सोबतचे कागद मिळाले. बाबांना हल्ली सुई ओवता येत नाही, हे शेजारच्या काकूंनी तुला कळवलंच असणार. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तू रागावशील, पण आधी सगळं वाच.

आपल्या गल्लीत कुणी ‘मास्तर’ अशी हाक मारली की चार माना वळायच्या, आठवतं? शाळेचे मास्तर, पोस्टमास्तर, बँडमास्तर आणि आपले बाबा. तुला शाळेच्या मास्तरांचा हेवा, कारण त्यांना सगळे टरकून असत. मला मात्र कौतुक बाबांचं. त्या तिघांचे कपडे शिवणारा मास्तर एकच होता ना! बँडमास्तरांचं पोट दरवर्षी चार पावलं पुढेच, पण बाबांनी त्यांच्या कंबरेचा आकडा कधी मोठ्याने उच्चारला नाही. टेप माझ्यापुढे धरायचे, मी वाचून गुपचूप वहीत लिहायची. गिऱ्हाइकाची अब्रू आपल्या हातात असते, म्हणायचे. इतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काजं, बटणं, तुरपाई, मशीन हे सगळं मी वीस वर्षं करते आहे. पण कापड बेतायचं ते मास्तरांनीच, कात्रीला दुसऱ्याचा हात लागता कामा नये, हा त्यांचा नियम.

गेल्या आठवड्यात त्यांनी पोस्टमास्तरांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. निवृत्तीच्या समारंभाचा कोट, आणि कापड संपलेलं! कापडच कमी भरलं म्हणून सांगू या, असं मीच सुचवलं. आता त्याची लाज वाटते. बाबांनी चष्मा पुसला, दोन्ही बाह्या हातावर घेतल्या आणि मला घेऊन भर दुपारी पोस्टात गेले. रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाले, “चूक माझी. कापड मी आणतो. पण आता कापेल ही.” पोस्टमास्तर हसून म्हणाले, “बरं तर, मास्तरीणबाई!” बाबांनी तिथल्या तिथे सुधारलं, “मास्तरीण शाळेत. ही मास्तर.”

दुकानात येऊन त्यांनी कात्री माझ्यापुढे ठेवली. माझ्याकडून सुई ओवून घेतली आणि बटणं लावत बसले. मी खडूची रेघ तीनदा पुसून पुन्हा आखली, पण त्यांनी एकदाही मान वर करून पाहिलं नाही. दादा, एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. कोट छान बसला.

वहिनी त्यांना फुलासारखं जपेल, मला ठाऊक आहे. पण ते अजून रोज नऊच्या ठोक्याला कामावर येतात. म्हणून कागद सही न करताच परत पाठवते आहे. त्यांना यातलं काही माहीत नाही, तूही बोलू नकोस. आज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी दोन दिवसांची रजा मागितली. तुला भेटायचंय म्हणे. मी दिली. शनिवारच्या गाडीने येतील. रविवारी त्यांना परतीच्या गाडीत बसवून दे, सोमवारी त्यांच्यावाचून माझं अडेल.

तुझीच,
धाकटी