किल्टला नाडी

निगडी प्राधिकरण,
मंगळवार

ती. मंजुषाताईस,

हरिहरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तो मनातल्या मनात घातला आहे). तुझी बीपीची गोळी चालू आहे ना? आजची राहिली असेल तर आधी घे आणि मग पुढे वाच. तळेगावात थंडी पडली असेल. इथे मला भर डिसेंबरात घाम फुटतोय. फोनच केला असता, पण तुझ्या भावजयीचे, सुखदाचे कान तुला ठाऊक आहेत. म्हणून चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये बसून हे पत्र खरडतो आहे.

रविवारी अनुयाचं लग्न. सकाळचे विधी आपल्या पद्धतीने आणि संध्याकाळी रिसेप्शनला जावईबापू किल्ट नेसणार. (अ‍ॅलन स्कॉटलंडचा, हे तू अजून तुझ्या सासूबाईंना सांगितलेलं नाहीस, तेही उरकून घे.) किल्ट म्हणजे त्यांच्याकडचे पुरुष समारंभात कमरेला गुंडाळून पट्ट्यांनी आवळतात ते गुडघ्यापर्यंतचं चौकड्यांचं लोकरी वस्त्र. मागे चुण्या, पुढे सपाट. मी एकदा त्याला परकर म्हणालो तर अनुया दोन दिवस बोलली नाही. तर हा किल्ट अ‍ॅलनच्या आजोबांचा, त्यांच्या स्वतःच्या लग्नातला. हिंजवडीच्या भाड्याच्या खोलीत कसर लागेल म्हणून त्याने तो विश्वासाने माझ्या कपाटात ठेवायला दिला, आणि त्याच कपाटाच्या बिजागरीत अडकून तो पट्ट्यापाशी फाटला.

फार नाही, चौदा मिलिमीटर. (व्हर्नियरने मोजलं. तेवीस वर्षं क्वालिटीत काढल्यावर माणूस अंदाजाने बोलू शकत नाही.) पण त्याचे आईवडील शुक्रवारी येतायत, आणि त्याची आई म्हणे इस्त्री स्वतःच्या हाताने करणार. ताई, मला खरंच भीती वाटते. पोरीच्या सासरी पहिली ओळखच ‘आजोबांची वस्तू फाडणारे’ अशी व्हायची.

म्हणून शनिवारी सुटी टाकून चिखलीच्या कौशल्याबाईंकडे गेलो. सुखदाच्या साड्यांचं फॉल-पिको त्याच करतात. हात सोन्याचा. मी फक्त एक चूक केली. कंपनीच्या सवयीने कापडाला लाल टॅग बांधला आणि त्यावर लिहिलं : ‘फाटलेले, उसवलेले, सुटलेले, उघडे सर्व तपासून बंद करावे.’ (आमच्याकडे मोघम लिहिलं की ऑडिटर छळतो, म्हणून सगळंच लिहायची खोड.)

परवा आणायला गेलो, तर बाईंनी टॅग शब्दशः पाळलेला. किल्टच्या पुढच्या काठाला शोभेच्या दशा असतात. बाईंना वाटलं, दोरे सुटलेत. त्यांनी त्या आत दुमडून पिको मारला. एक बाजू मुळातच उघडी असते, ती वरपासून खालपर्यंत शिवली. चामड्याचे पट्टे काढून पिशवीत घातले, वर नेफा केला आणि नाडी ओवली. मी हादरून विचारलं, तर म्हणाल्या, “बाजू पार उघडीच व्हती, साहेब. बाप्या मानसानं भर मांडवात असं हिंडायचं व्हय? नाडी माज्याकडनं, पोरीच्या लग्नाची.” आणि ते फाटलेलं? “ते नाडीच्या चुन्यात जातंय की. दिसत बी न्हाई.” टॅगच्या मागे त्यांनी ‘ओके’ लिहून सहीसुद्धा केली होती. आणि काय सांगू, इतकी एकसारखी शिलाई मी आमच्या कंपनीच्या सीट कव्हरलाही पाहिलेली नाही. दुसऱ्या कुणाचा माल असता तर डोळे मिटून पास केला असता.

तिघा रफूवाल्यांनी हात जोडले. परवापासून जेवण जात नाही. अनुया विचारते, बाबा, तुम्ही सारखे कपाटासमोर का उभे असता?

भावजींना नमस्कार.

तुझा,
हरिहर

ता. क. शिवणाच्या बाई म्हणून तू एकतीस वर्षं पोरींना उसवायला लावलंस. आता माझ्यासाठी एवढं उसव. किल्ट पत्राबरोबरच पाठवतो आहे, पट्टे आतल्या पिशवीत. गुरुवारपर्यंत नाडी काढ, बाजू आणि दशा मोकळ्या कर, पट्टे पुन्हा लाव आणि ते चौदा मिलिमीटर रफू कर. नाही म्हणू नकोस.

ता. क. २ बिजागरीचं खोटं आहे. मीच नेसून पाहिला. सहा महिने त्या पोराची टिंगल केली आणि घरात कुणी नाही असं समजून स्वतः आरशासमोर उभा राहिलो. पोटावर पट्टा पोहोचेना, श्वास कोंडून ओढला आणि टर्रकन आवाज आला. यात माणूस दिसतो कसा, एवढंच बघायचं होतं. पण ते वस्त्र अंगावर असताना मला पहिल्यांदाच कळलं की अनुया खरंच जाणार. तसाच पलंगावर बसून रडलो.

ता. क. ३ घरी येऊन पार्सल करायला गेलो तर कपाट रिकामं. सुखदाने किल्ट आधीच मलमलीत गुंडाळून, वर तुझा पत्ता घालून ठेवला होता. म्हणाली, “पुढच्या वेळी रडायचं असेल तर मला हाक मारा, मीही एकटीच रडतेय.”