पाच वाजता जाणारं वाय-फाय

प्रिय धाकट्या,

दादाचा आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेलच. असली तरी आई तुला रोज पाचला व्हिडिओ कॉलवर बघून "किती वाळलास रे!" म्हणून डोळे पुसायचीच (मी शेजारीच बसलेला असायचो. माझं सहा किलो वजन उतरलंय, पण ते कोण बघतो!). इकडे सगळे मजेत. फक्त आठवडाभर बरोबर पाचला आईच्या मोबाइलवरचं वाय-फाय जात होतं. साधा फोन तिला चालत नाही, तुझं तोंड दिसायला हवं. आणि नेट जणू मीच गिळलं, अशी ती माझ्याकडे बघायची.

मी पडलो घड्याळं दुरुस्त करणारा, बिघाड शोधल्याशिवाय गप्प कसा बसू? राऊटर बंद करून चालू केला. आईचा फोन एअरप्लेन मोडवर टाकून काढला (तर ती विचारते, विमानानं जायचंय का धाकट्याकडे? लगेच पिशवी शोधायला उठली!). मग नेटवर्क काढून टाकून पुन्हा जोडायला गेलो, तर पासवर्ड कोणाला आठवतोय! आईला आठवला. तुझी जन्मतारीख. राऊटर बसवला तेव्हा तिनंच सांगितली म्हणे. घर माझं, राऊटर माझ्या टेबलावर, आणि तारीख तुझी! माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

शेवटी काल संध्याकाळी तुझ्या वहिनीनं मेकॅनिकला बोलावलं. त्यानं माझ्या टेबलावरचं स्टीलचं पातेलं उचललं. खाली राऊटर! अरे, पाचला काम आवरलं की टेबलावरचं प्रत्येक यंत्र धुळीपासून झाकायचं, ही माझी तीस वर्षांची सवय. काचेची झाकणं संपली होती, म्हणून पातेलं घातलं, आणि स्टीलमधून वाय-फाय बाहेर पडेना. आई पोट धरधरून हसली. तुझी वहिनी मात्र हसली नाही.

तुझा,
दादा

ता. क. पातेल्याची भानगड मला दुसऱ्याच दिवशी कळली होती. पुढचे पाच दिवस मी ते मुद्दाम घातलं. पाच ते सहा आई माझ्याशी बोलायची रे. माझ्या गुडघ्याचंसुद्धा विचारलं तिनं.

आणखी एक. हे आईला सांगू नकोस. उद्या पाचला कॉल लाव, पातेलं स्वयंपाकघरात असेल. फक्त फोन ठेवण्याआधी एकदा "दादाला दे" म्हण. सहा महिन्यांत म्हणाला नाहीस.