अर्धी राहिलेली कांडी

अंजूर,
गुरुवार, ता. १२ डिसेंबर १९७४

काशीच्या बाबांस गोदूचा नमस्कार.

इकडे आबा, आई, दामू सगळी खुशाल आहेत. भात झोडून झालं, पेंढा रचायचा राहिलाय. तिकडची खुशाली तुमच्या पत्रातून कळली. म्हणजे मागांची कळली.

अक्षर वाकडंतिकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितेय. चौथीपर्यंत शिकले ती उजव्या हाताने. लागत नसेल तर शेजारच्या केसरीनाथ भावोजींकडून वाचून घ्या. त्यांनाही कळलं तर मला बरंच वाटेल.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. सूत भरलेल्या कांड्यांवाचून दोन माग बंद आहेत, हे तीनदा लिहिलंय. तुमच्या आईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना कांड्या भरायला रहाटावर बसवत नाही, हे एकदा. ‘झालं गेलं विसर आणि सोमवारी निघून ये,’ हेही आहे. काशीच्या कपाळाचे टाके काढले का, तिला वरचं दूध पचतं का, मला शोधते का, यातलं एक अक्षर नाही! सात महिन्यांची पोर माझ्या अंगावरून ओढून घेतलीत. ‘जिला पोर धरता येत न्हाय तिनं पोरीला हात लावायचा न्हाय,’ असं सगळ्या आळीसमोर ओरडलात आणि माझ्या भावाला, दामूला, बोलावून मला एस.टी.त बसवलंत. आणि आता वीस दिवसांनी पत्र लिहिता ते कांड्यांसाठी? लाज कशी वाटली नाही हो?

हात काय माझा त्या एका दिवसात बिघडला? काशी महिन्याची झाली आणि मला रहाटावर बसवलंत. सकाळी बसायचं ते दिवे लागेपर्यंत, उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्याने धागा धरायचा. आधी बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग झोपेतून हात झटकत उठायचे. पुढे भाकरी थापताना पीठ ऊन आहे का गार, तेही कळेना. तुमच्या आई म्हणाल्या, बाळंतवात आहे, आणि मनगटावर बिब्बा घातला. तो उतला. कोपरापर्यंत हात सुजला, फोड आले. तुम्ही कांड्या न्यायला आलात, हात बघितलात, ‘होईल बरा’ म्हणालात आणि टोपली उचलून गेलात.

नंतर एकदाचे डॉक्टरकडे नेलंत. त्यांनी विचारलं, बाई काम काय करते? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, “काही नाही, घरीच असते.” चार लूमच्या कांड्या मग कोण भरत होतं? भूत? डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ताकदीच्या औषधाची बाटली दिली. मी गप्प बसले. तो माझा गाढवपणा.

इथे आल्यावर आबांनी मला ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथेही तोच प्रश्न. आबाही म्हणायला लागले, “न्हाय साहेब, बाय घरीच असते.” मी त्यांना मध्येच थांबवलं आणि डॉक्टरांच्या समोर हवेत रहाट फिरवून दाखवला. त्यांनी मनगटावर बोटाने ठोकलं, तशी अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत चमक गेली. करंगळीला मुंग्या येतात का म्हणाले. नाही म्हटलं. मग सांगितलं, मनगटातून बोटांकडे जाणारी नस दबलीय. बाळंतपणात सूज येते आणि त्यात दिवसभर तेच मनगट फिरवलं की असं होतं. ना वात, ना अशक्तपणा. लाकडाची पट्टी बांधलीय. तीन महिने रहाटाला हात लावायचा नाही. तेवढ्याने बरं वाटलं नाही तर छोटं ऑपरेशन.

एवढं लिहून पत्र संपवणार होते. दामूला पाकीट आणायलाही पाठवलं. पण खरं ते अजून लिहिलेलंच नाही, आणि ते पोटात ठेवून मला घास गिळवत नाही.

त्या दिवशी सकाळीच माझ्या उजव्या हातातून कपबशी निसटून फुटली होती. या हातात काही राहत नाही, हे मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. दुपारी मी घरापुढच्या ओट्यावर कांडी भरत होते आणि काशी सरकत सरकत कडेला गेली. मी चाकावरचा हात काढला आणि त्याच हाताने तिला उचललं. डावा हात धड होता. पण डाव्यात धागा होता. तो सोडला असता तर गुंता झाला असता, आणि गुंत्यावरून तुम्ही सकाळीच माझ्या आईबापाचा उद्धार केला होता. म्हणून मी धागा धरून ठेवला आणि पोर पडली. ती खाली रडत होती तेव्हाही धागा माझ्या हातात होता. हे मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही. लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

तो दोष माझा. तो मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही. पण पोरीपेक्षा धाग्याची काळजी करायला मला कुणी शिकवलं, ते तुम्हीच बघा.

सोमवारी मी येतेय. कांड्यांसाठी नाही, काशीला न्यायला. बरोबर दामू असेल. तो भांडणार नाही, पण तिला घेतल्याशिवाय उंबऱ्यावरून हलणारही नाही. रोज विहिरीवरून डाव्या कडेवर भरलेली कळशी आणतेय, थेंब सांडत नाही. दूधही मी आटू दिलेलं नाही.

मी यायच्या आधी एक करा. त्या दिवशीची ती कांडी रहाटावर अजून अर्धीच असेल. ती तुम्ही भरा. उजव्या हाताने चाक, डाव्यात धागा. काशीला शेजारी बसवा, ओट्यावर नको, खाली जमिनीवर. ती रडायला लागली की तिला कोणत्या हाताने उचललंत, तेवढं मला सोमवारी सांगा.

काशीची आई,
गोदू