साठ दिवसांत नवी माती

सांगली,
शुक्रवार

तीर्थस्वरूप अंबूआक्काच्या पायी धाकट्या भावाचा दंडवत.

तुझे गुडघे, कृष्णातचं पित्त आणि नवी गाय या तिघांची प्रकृती बरी असेल असं धरून चालतो. कारण भाऊबीजेपासून तू माझा फोन उचलत नाहीस आणि तुझी सून शिवांजली ‘आत्या रानात हायत’ यापलीकडे बातमी देत नाही. (संक्रांतीला, ऐन जेवणाच्या वेळीसुद्धा तू रानातच होतीस.) आम्ही इकडे खुशाल आहोत. पूजाची आई मजेत आहे, फक्त गच्चीवर यायचं तिनं सोडलं आहे. कारण पुढे येईलच.

भाऊबीजेला काय झालं ते तुला सांगायला नको, पण मला कबूल करायचं आहे म्हणून सांगतो. तुझ्या लेकाला, कृष्णातला, ओढ्याकडच्या पट्टीतली वरची दोन फूट माती वीटभट्टीवाल्याला द्यायची होती, म्हणजे रान खाली उतरून पाटाचं पाणी नीट बसेल. तू नको म्हणत होतीस. तेव्हा फौजेत बावीस वर्षं स्टोअर सांभाळलेला आणि गच्चीवर तीन ड्रमांत खत करणारा तुझा शहाणा भाऊ मध्ये पडला. तू विचारलंस, “माती काय दुकानात मिळती व्हय रं?” त्यावर मी ओवाळणीला साडीच्या जागी एक गोणी तुझ्यापुढे ठेवली. गोणीवर ठळक अक्षरांत ‘ह्यूमस’ छापलेलं होतं. वर मी असंही ठोकून दिलं की कंपोस्ट काय आणि ह्यूमस काय, वस्तू एकच, नावं दोन. ही माती जाऊ दे, साठ दिवसांत मी नवी करून देतो. कृष्णातनं मामाचा शब्द लगेच झेलला. तू “तुमचं तुमी बघा” म्हणालीस आणि निरांजन उचलून आत गेलीस.

पुरावा हवा म्हणून निघताना मी तुझ्या पट्टीतली पाटीभर माती पिशवीत घालून आणली होती (न विचारता; तीही चूक यात धर). एका कुंडीत तुझी माती, चार कुंड्यांत माझं निव्वळ खत, आणि पाचही कुंड्यांत वांग्याची रोपं. खत दीड महिन्याचं होतं. हात घातला की गरम लागायचं, आणि त्याचा मला एवढा अभिमान की येईल त्या पाहुण्याला चहाच्या आधी ड्रममध्ये हात घालायला लावायचो. (पूजाचे सासरे त्यानंतर आलेले नाहीत.) आठवड्यात चारही रोपांनी माना टाकल्या. त्यांच्या जागी एक भोपळा आणि सात टोमॅटो आपखुशीनं उगवले. खतात पूजाच्या आईचा हरवलेला चमचा सापडला, तिनं वास घेतला आणि ती जी खाली गेली ती गेलीच. काठोकाठ भरलेल्या कुंड्या महिन्याभरात अर्ध्यावर आल्या. मला वाटलं, खत कोणीतरी चोरतंय. शेजारचे मोहिद्दीनभाई हळदीचे व्यापारी, त्यांनी जन्मात खताला हात लावलेला नाही, तरी मी त्यांच्यावर पाळत ठेवली. मग आम्ही चार दिवस पाचगणीला गेलो आणि कुंड्यांना पाणी घालायला कोणाला सांगायचं राहून गेलं. परत येऊन बघतो तर माझ्या कुंड्या कोरड्या ठणठणीत, आणि तुझ्या कुंडीत बोट घातलं तर आत ओल. वांग्याला फूलही आलेलं.

मोहिद्दीनभाईंची सुमैरा कृषी महाविद्यालयात मातीचा विषय शिकवते. (बापावर पाळत ठेवली होती हे माहीत असूनही ती वर आली, हा तिचा मोठेपणा.) तिनं एका हातात माझं खत घेतलं, दुसऱ्यात तुझी माती. म्हणाली, “काका, तुमचं खत चांगलं होईल, पण ते अजून कुजतंय. म्हणून रोपं पोळली, म्हणून कुंडी खाली बसली. खत हे मातीचं जेवण. ते मातीत मुरून मुरून कैक वर्षांनी जे काळं उरतं, ज्यात पान कुठलं नि काडी कुठली ओळखू येत नाही, तो ह्यूमस. पाणी तो धरून ठेवतो. खत आपण करू शकतो, ह्यूमस होऊ द्यावा लागतो.” गोणीचं विचारलं तर ती नुसती हसली.

मग मला एकेक आठवत गेलं. ऊस तुटला की सगळं गाव पाचट पेटवायचं. तू त्या पट्टीत चाळीस वर्षांत काडी लावली नाहीस. लोक तुला आळशी म्हणाले, रजेवर आलो की मीही म्हणायचो. तू पाचट पसरायचीस, त्यावर शेणकाला शिंपायचीस, करंजाचा पाला टाकायचीस आणि मातीच्या कामात लुडबूड न करता घरी जायचीस. तुझी माती मुठीत दाबली की लाडवासारखी वळते आणि अंगठा लावला की मोकळी होते. आक्का, मला तुझा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! मग हिशेब केला. मी साठ दिवसांत जे करून देणार होतो, त्याला तुझं सगळं आयुष्य लागलेलं होतं.

पत्र फार लांबलं. यातलं ‘चुकलो’ एवढंच वाचलंस तरी मला पुरे आहे.

तुझा,
अर्जुन

ता. क. : सोमवारी जेसीबी येणार आहे. मी कृष्णातला फोन करून नको म्हणालो, तर तो म्हणतो, “मामा, तवा तुमीच सांगितलं, आता तुमीच फिरताय. आई बोलली तरच थांबवतो.” तेव्हा आक्का, तू बोल. माझ्याशी नको बोलूस, त्याच्याशी बोल.

दुसरा ता. क., सोमवार सकाळ : टपाल वेळेत पोचणार नाही म्हणून पत्र घेऊन मीच आलो आहे. घरी येऊन तुझ्यासमोर उभं राहायचा धीर झाला नाही, म्हणून थेट पट्टीत आलो आणि जेसीबीच्या वाटेवर बसलो आहे. शिवांजली वैरणीला आली आहे, तिच्याच हाती हे देतो. जेसीबीचा ड्रायव्हर भला माणूस आहे. म्हणाला, “आवं, मालक व्हय म्हणालाय की.” मी म्हटलं, “मालक म्हणाला असंल गड्या, पर जिनं ही माती केली तिला अजून कुणीच इचारल्यालं न्हाई.” त्यानं इंजिन बंद केलं आहे. ये.