दारावरची म्हाळसा

॥ श्री ॥

वुडलँड्स, १२ सप्टेंबर २०१६

चि. सारंग यास अरुणाआत्याचे आशीर्वाद.

काल, रविवार, ११ सप्टेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात साठ माणसांसमोर तू माझ्या आजीला ठेवलेली बाई म्हणालास.

बडोद्याच्या आपल्या घराचा इतिहास सांगत होतास. पडद्यावर तो युरोपी बरोक थाटाचा दर्शनी भाग, पिळाचे खांब, चुन्यातली गुबगुबीत देवदूत पोरं आणि दारावर कोरलेलं ‘म्हाळसा, १८९७’. इथवर ठीक. मग म्हणालास की वंशावळीत सरदार बाबूरावांची बायको गिरिजाबाई, म्हाळसा कोणीच नाही. तेव्हा ही त्यांची गुपचूप ठेवलेली असणार आणि घर तिच्यासाठीच. लोक हसले. तुझ्या नीलिमाने तर शेजारणीला टाळी दिली. मी उठून गेले, ते तुला चहासाठी वाटलं असेल.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला शिकवलं होतं की माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहावं. तुला शाळेत काय शिकवलं?

सकाळपासून तीनदा लिफ्टने खाली जाऊन आले, एका जागी बसवत नाही. नात ऋचा इथल्या पोरांच्या बोलीत म्हणते, आजी, चिल लाह, शांत हो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा हात जोडलेला बाहुला मी उत्तर म्हणून घेणार नाही.

अजून तुझीच,
अरुणाआत्या

सेम्बावांग, १४ सप्टेंबर

ती. अरुणाआत्यास सा. न.

पत्र मिळालं. इथे मला पोस्टाने फक्त बँका लिहितात, त्यापण इतक्या रागाने नाही.

वंशावळ पुन्हा दोनदा पाहिली. म्हाळसा नाही. घर घेतलेल्या हॉटेलवाल्यांना माझा लेख पुस्तिका करून प्रत्येक खोलीत ठेवायचा आहे. बुधवारी, २१ तारखेला तो छापायला जाईल. त्यांना म्हाळसाचीच गोष्ट सर्वांत आवडली. वरच्या मोठ्या खोलीला तिचं नाव दिलंय, लाल पडदे लावणार आहेत. काही पुरावा असेल तर सांग, मी बदलेन. आणि चहासाठी तू कधी इतक्या जोरात खुर्ची सरकवत नाहीस, एवढं मला कळलं होतं.

रागातही आठवण काढावीस, ही विनंती.

तुझा,
सारंग

वुडलँड्स, १५ सप्टेंबर

चि. सारंग यास आशीर्वाद, थोडे राखून.

पुरावा मागतोस? तू मला अरुणाआत्या म्हणतोस. माझ्या पासपोर्टवर शैला आहे. लग्नात तुझ्या काकांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने ते नाव लिहिलं आणि अरुणा कागदांवरून गेली. तुझ्या न्यायाने काकांनी दोघी सांभाळल्या की काय? त्यांना एकच झेपत नव्हती.

आजीचंही तेच. माहेरची म्हाळसा, सासरची गिरिजा. तिचे भाऊ आले की फाटकापासूनच म्हाळसे, म्हाळसे अशा हाका मारत. सात वर्षांची होते, माझ्या कानांनी ऐकलंय. घर बांधताना बाबूरावांनी तिला विचारलं, दारावर काय कोरू? तिने आपलं जुनं नाव मागितलं. मला हे सांगताना सत्तरी उलटलेली ती बाई लाजली होती.

वंशावळीत बायकांची सासरची नावं तेवढी लिहितात, आणि लेकी लिहीतच नाहीत. नीट बघ, त्यात मीसुद्धा नाही.

घर आता आपलं नाही. त्यांना हवे ते पडदे लावू देत. पण तू लिहिलेलं एकदा छापलं की तेच खरं होईल. आजीच्या तोंडून ऐकलेली मी एकटीच उरले आहे, आणि मला सत्तरावं चालू आहे. म्हणून हा जीव थाऱ्यावर नाही.

वाक्य मीच देते: म्हाळसा म्हणजेच गिरिजाबाई, बाबूरावांची लग्नाची बायको आणि या घराची मालकीण. बदललेलं पान कागदावर, तुझ्या सहीने, मंगळवार, २० सप्टेंबर, संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हातात हवं.

माया कमी झालेली नाही. मुदतही वाढणार नाही.

तुझी,
अरुणाआत्या